गोऱ्याच्या दवाखान्याचं दार

अमरावतीच्या वेल्डन रुग्णालयाच्या काचेच्या दारापाशी एका पोरानं मला पासपोर्ट विचारला. माझ्या एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात नातसुनेचा दंड. रागिणीला आठवा सरत आलेला, पाय असे सुजलेले की चपलेचा पट्टा मांसात रुतलेला. आणि हा पोट्टा म्हणतो, "आजी, पासपोर्ट दाखवा. नाईतर ओव्हरसीज कार्ड."

"बापा, मी अकोल्याहून आली," मी म्हटलं. "अकोल्याहून यायले कवापासून पासपोर्ट लागून राहिला?"

मागं रांगेत उभी असलेली माणसं हसली. पोराच्या छातीवर श्याम असं लिहिलेलं होतं. पोरगा वाईट नव्हता, हळूच म्हणाला, "आजी, इथं आता फक्त बाहेरदेशी राहणाऱ्यायलेच पाहतात. नाईतर त्यायच्या मायबापाले. तुमचं कोणी हाय का तिकडं?"

"आमचे सगळे इकडंच हायेत. तेच चुकलं आमचं."

मी रागिणीला बाहेरच्या कट्ट्यावर बसवलं आणि स्वतः उभी राहिले. त्यांच्या कट्ट्यावर टेकायची मला इच्छा नव्हती.

या दवाखान्याला जुनी माणसं अजून गोऱ्याचा दवाखानाच म्हणतात. कापूस घेणाऱ्या विलायती कंपन्यांचे साहेब एकेकाळी वऱ्हाडात राहायचे. उन्हाळा लागला की त्यांच्या बायकापोरं माशांसारखी मरायची. म्हणून त्यांनी आपापसात वर्गणी काढून हा दवाखाना बांधला. नफा काढायचा नाही आणि काळा माणूस आत घ्यायचा नाही, असे दोन नियम. साहेब गेले, ट्रस्ट आला, आणि दुसरा नियम मोडला. मग बरीच वर्षं हा दवाखाना आपला होता. साप चावला, चला तिकडं. पोरगी अडली, चला तिकडं. ज्याच्याजवळ असेल त्यानं द्यावं, नसेल त्यानं दंडवत घालून घरी जावं. माझा देवानंद, या रागिणीचा सासरा, तिथंच झाला. लोखंडी खाट होती, पण चादर रोज बदलायचे.

आता वऱ्हाडातलीच पोरं अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला जाऊन गोरी झाली. हिवाळ्यात ती गुडघे बदलायला आणि दात लावायला इथं येतात, त्यांची म्हातारी मायबापं वरच्या मजल्यावर ठेवलेली असतात, कारखान्यांतले परदेशी इंजिनेर तपासायला येतात. साधा वॉर्ड दुरुस्तीसाठी म्हणून बंद केला, तो बंदच आहे. महिन्यातून एकदा एक गाडी दूर मेळघाटात धारणीकडं जाते, गोळ्या वाटते, फोटो काढते आणि दिवस मावळायच्या आत परत येते. नफा मात्र अजूनही काढत नाहीत म्हणे. जुनं तेवढंच राहिलं.

मी तरी तिथं का गेले? अकोल्याच्या डॉक्टरनं हात टेकले म्हणून. रागिणीची आधीची दोन गेलेली. या वेळी रक्तदाब चढलेला आणि बाळ पायाळू, म्हणजे डोकं वर, पाय खाली. डॉक्टर म्हणाला, "माणिकबाई, अशा केसमधे सीमा मॅडमचा हात धरणारं इकडं कोणी नाही. त्या वेल्डनमधे आहेत. कसंही करा, त्यांच्याकडं न्या." आमचं घर भाजीवाल्या माळ्याचं. कोथिंबीर कोमेजायच्या आत विकायची आम्हाला अक्कल आहे, पण पासपोर्ट कुठून उगवायचा?

पायाळू शब्द ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला होता. त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

माझा जन्म याच आवारातला. साहेब जायच्या आदल्या हिवाळ्यातला. माझे मायबाप दवाखान्याची बाग बटईनं करायचे. गोऱ्या रोग्यांसाठी कोबी, गाजर, बीट, असलं आपल्याकडं तेव्हा कोणी फारसं खात नसे ते लावायचे. माय कोबीला पाणी देता देता वाफ्यातच बसली. बापानं तिला उचलून व्हरांड्यापर्यंत नेलं. चौकीदारानं काठी आडवी धरली. माय परत वाफ्यात आली. बापानं फेट्याचा आडोसा केला, शेजारची तुळसा धावली, भाजीच्या विळ्यानं माझी नाळ कापली. माझ्यामागून माझा भाऊ येत होता. पायाळू. तो अडकला. तुळसेला ते जमणारं काम नव्हतं. व्हरांड्यात एक नर्स मेमसाहेब उभी राहून सगळं पाहत होती. सगळं सरल्यावर तिनं झाडूवालीच्या हातून एक साबणाची वडी धाडली.

माय मरेपर्यंत सांगायची, "दार उघडं असतं तर माहा पोरगा जगला असता. त्यायनं साबण धाडला." साबण तिनं कधी वापरला नाही. तिथंच पाटाच्या पाण्यात सोडून दिला.

तर मी उभी होते, आणि आतून एक पोरगी आली. गळ्यात पट्टा, हातात फोन. अपेक्षा मॅडम, दवाखान्याची जाहिरातीची बाई. म्हातारी दारात भांडते म्हणून मला समजवायला आलेली. मी तिला म्हटलं, "पोरी, तू जलमली नव्हती तवा मी या बागेत जलमली. मले दार नको दाखवू."

ती थबकली. "तुम्ही माळ्याची मुलगी? इथे जन्मलेली?"

"होय. काहून?"

तिचे डोळे असे चमकले, जसे मंडीत पहिल्या आंब्याची गाडी आली की दलालाचे चमकतात. "आजी, आम्ही तुम्हालाच शोधतोय! पुढच्या आठवड्यात दवाखान्याची शताब्दी आहे. इथे एक गोष्ट सांगतात, एका इंग्रज सिस्टरने माळ्याच्या अडलेल्या बायकोला हात धरून आत नेलं, आणि इथलं पहिलं भारतीय बाळ जन्मलं. त्या दिवसापासून दवाखाना सगळ्यांना खुला झाला. ते बाळ म्हणजे तुम्ही!"

"कोणं आत नेलं?" मी म्हटलं. आणि तिला जे झालं ते सांगितलं. काठी, विळा, साबण, भाऊ.

तिचा चेहरा उतरला. तिनं मला बाजूला घेतलं. "आजी, विलायतेहून पाहुणे येणार आहेत. देणगीदार येणार. इतक्या वर्षांनी कोणाचं मन कशाला दुखवायचं?" मग ती रागिणीच्या पायांकडं बघू लागली. "यांना बरं नाही का? खरं तर, हेरिटेज फॅमिली म्हणून, आम्ही सीमा मॅडमना विनंती करू शकतो. बाळंतपण, बाळाचं मशिन, सगळं ट्रस्टतर्फे."

"सरळ बोल, पोरी. मी काय द्यायचं अन् तू काय देतं?"

"तुम्ही फक्त चार वाक्यं बोलायची. कॅमेऱ्यासमोर."

त्या दुपारी मी भगवंताच्या शेतावर गेले. भगवंत माझा धाकटा भाऊ, तिवसा रस्त्याला झेंडू लावतो. तो फुलं तोडत होता. मी सांगितलं तसा त्याचा हात थांबला.

"मायनं जलमभर काय सांगतलं, बाई?"

"माय मेली. रागिणी जिती हाय."

"अन् तो? त्याले तर नाव बी नाई ठेवलं कोणं. एवढी एक गोष्टच होती त्याच्याजवळ. ते बी इकून टाकतं?"

"तुया घरी पोटुशी सून असती तं तू काय केलं असतं?"

"मले नको विचारू." त्यानं फुलांची टोपली उचलली. "त्या शताब्दीले फुलं द्यायचं माह्याकडं आलं होतं. आता नाई देत. दुसऱ्या कोणाचे घेवा म्हणा. अन् मी बी नाई येत."

"नको येऊ. झेंडूवाचून कोणाची सभा अडत नाई," मी म्हटलं आणि तिथून निघाले. रस्त्याला लागल्यावर डोळे पुसले. त्याच्यासमोर पुसले असते तर त्याला वाटलं असतं तो जिंकला.

शताब्दीला मी जरीच्या काठाची हिरवी नऊवार नेसले. मंडपात एसी लावलेला. पहिल्या रांगेत सगळे बाहेरदेशी, त्यांच्या मागं त्यांचे मायबाप. वेल्डनसाहेबाच्या नात्यातली एक गोरी म्हातारी आणली होती. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि ती रडू लागली. मला तिचा राग येईना, तिला काय माहीत होतं?

मी खोटं बोलायचं ठरवलं तर अर्धंमुर्धं बोलत नाही. अपेक्षानं चार वाक्यं दिली होती, मी डझनभर बोलले. सिस्टरनं मायचा हात धरला. पांढरी चादर टाकली. कढत पाणी आणलं. मला फलालीनच्या ऊबदार कापडात गुंडाळलं. तुमची माय रडली का हो, असं सूत्र चालवणाऱ्या बाईनं विचारलं. मी म्हटलं, "रडली तर काय! अजून बी रडत असन."

आणि समोर ते ट्रस्टी बसलेले, सूट घातलेले, दाराला काच बसवणारे. मला राहवलं नाही. त्यांच्या डोळ्याला डोळा लावून मी म्हटलं, "त्या दिवसापासून हे दार गरिबाले कधीच बंद नाई झालं. कवाबी या, कोणीबी या. इथं माणूस पाहतात, कागद नाई पाहत."

हा मी टोमणा मारला होता. आमच्याकडं एवढ्यावर माणूस मान खाली घालून उठून जातो. घरात सुना, बाजारात अडते, माझ्या एका टोमण्यानं आठवडाभर सरळ चालतात. मला वाटलं, एकाला तरी लागेल.

टाळ्या पडल्या. ट्रस्टी सगळ्यात आधी उठून उभे राहिले.

पुढं चारपाच दिवसांनी रागिणीला सीमा मॅडमनी ऑपरेशनला घेतलं. मी बाहेर बसून देवाला एक शब्द बोलले नाही, कोणत्या तोंडानं बोलणार? पोरगी झाली. पायाकडून निघाली, निळी पडली होती, मशिनीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तिनं असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरच्या अमेरिकावाल्या म्हाताऱ्यांनी तक्रार केली. मी म्हटलं, करा तक्रार. माझ्या घरात मुलगी रडली.

सीमा मॅडम भल्या बाई. हात धुता धुता म्हणाल्या, "आजी, आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या." मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्या मागं सरल्या. अपेक्षानं फोटो काढला. "आमची हेरिटेज बेबी," ती म्हणाली.

सोडायच्या दिवशी सकाळी माझा नातू पियुष, रागिणीचा नवरा, भाजीचा टेम्पो घेऊन आला. मागं पोती अंथरलेली, वर गादी. रागिणी बाळाला घेऊन पोर्चमधल्या खुर्चीवर बसली होती. पोर्चच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावलेला, त्यात मी. हिरवी नऊवार, कपाळावर एवढं मोठं कुंकू. "कवाबी या, कोणीबी या." संपलं की परत सुरू.

फाटकातून एक जीप आली, धुळीनं लाल झालेली. त्यातून एक म्हातारी उतरली, मेळघाटातली कोरकू बाई, आणि तिनं व एका माणसानं मिळून एका पोरीला उतरवलं. पोरीच्या पातळाचा मागचा भाग भिजलेला. तिचे ओठ दातांत धरलेले, आवाज नाही.

श्याम आडवा आला. काठी नव्हती त्याच्याजवळ, नुसता हात आडवा केला. "मावशी, इथं नाई. सरकारी दवाखान्यात न्या. जवळच हाय."

म्हातारी म्हणाली, "यहीं आना था. ये बाई बोली." आणि तिनं टीव्हीकडं बोट केलं.

श्यामनं माझ्याकडं पाहिलं. मग खाली.

"कोणं सांगतलं तुले?" मी म्हातारीला विचारलं.

"तुम्हारी गाडी आई थी धारणी. गोळी दी, पडदा लगाया, ये दिखाया." तिनं मला ओळखलं नव्हतं. घरच्या साध्या पातळात मी टीव्हीतली नव्हतेच. "धारणी में डॉक्टर रोक रहा था. बोला, यहीं रहो, अमरावती दूर है. मैं बोली, नहीं, वो बाई का दवाखाना अच्छा है."

मी श्यामला म्हटलं, "उघड."

"आजी, माही नोकरी जाते."

"जाऊ दे नोकरी. अकोल्याले ये, भाजीच्या गाडीवर ठेवतो तुले. उघड."

अपेक्षा धावत आली. "आजी, प्लीज. तुमची केस वेगळी होती. सीमा मॅडम आज नागपूरला आहेत, आणि सगळ्यांना घ्यायला लागलो तर..."

"तू धारणीले जाऊन काहून दाखवलं मंग?"

"ते जनजागृतीसाठी असतं."

मी पोर्चच्या मधोमध उभी राहून ओरडले. "दार उघडलं नव्हतं! मायले काठी लावून हाकललं! भाऊ मेला माहा इथं, त्या कोबीत!" काचेमागं माणसं बसली होती, कोणी मान वर केली, कोणी नाही. भिंतीवरची मी माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलत होते. पांढरी चादर, कढत पाणी.

जीपवाला निघून गेला होता, त्याला दुसरं भाडं होतं. रागिणी खुर्चीवरून म्हणाली, "आजी, तुमी टेम्पो घेऊन जा. मी बसते इथं. बोलत नका बसू, जा." रागिणीला एवढ्या जोरानं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

पियुषनं आणि त्या माणसानं पोरीला पोत्यांवर निजवलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. म्हातारी समोर बसली, टेम्पो उसळला की पोरीचे पाय धरून ठेवायची. चौकात गाडी थांबली तेव्हा ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"तू वो टीवीवाली है."

"हो."

"तेरी माँ को अंदर लिया था?"

"नाई."

"फिर काहे बोली?"

एरवी उत्तर द्यायला मला विचार करावा लागत नाही. "माह्या सुनेसाठी," मी म्हटलं.

म्हातारीनं स्वतःच्या सुनेकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिनं माझा हात पोरीच्या कपाळावरून उचलला आणि बाजूला ठेवला, परक्याची वस्तू सरकवून ठेवतात तसा. मग पोरीचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं.

सरकारी दवाखान्यात गर्दी होती, पण नर्सनं पोरीला पाहिलं आणि गर्दी बाजूला करून तिला आत नेलं. कोणी काही विचारलं नाही. म्हातारी मागं न बघता आत गेली. मी बाहेर थांबले. मला कोणी थांब म्हटलं नव्हतं.

दुपारी तो माणूस बाहेर आला. पोरगी वाचली, म्हणाला. पोरगा होता. आत आणेपर्यंत गेलेला होता. वाटेतच कुठंतरी, डॉक्टर म्हणाले. धारणीतच राहिले असते तर, असं काही तो म्हणाला नाही. मीच म्हटलं, मनात.

मी तिथूनच अपेक्षाला फोन लावला. "माहं तोंड काढ त्या भिंतीवरून."

"आजी, तुम्ही दमलात. घरी जा. आणि आता ते काढून उपयोग काय, सगळीकडे गेलंय. लोकांना खूप आवडलं."

घरी आल्यावर बायका बाळ पाहायला आल्या आणि फोनवर मलाच दाखवू लागल्या. "माणिकबाई, काय बोलल्या तुमी!" रागिणीनं एकीच्या हातातला फोन घेऊन उलटा ठेवला. भगवंताला निरोप पाठवला, मुलगी झाली म्हणून. त्यानं पोरीसाठी झबलं धाडलं, स्वतः आला नाही. मी त्याला बोलावलंही नाही.

पुढच्या महिन्यात ती गाडी परत धारणीला जाईल आणि पडदा लावील. श्यामनं मला दिवस कळवायचं कबूल केलं आहे. पियुषला सांगून ठेवलं, त्या दिवशी आपला टेम्पो त्यांच्या गाडीच्या आधी तिथं पोचला पाहिजे. पडद्यासमोर उभी राहून मी सांगणार, ही बाई खोटं बोलते, हिच्या भरवशावर घर सोडू नका, धारणीच्या डॉक्टरचं ऐका. कोणी ऐकेल की नाही, सांगता येत नाही. टीव्हीतली ती माझ्यापेक्षा चांगलं बोलते.